हैबतीचं वाढप

एका गावात एक भोळा आचारी होता. गाव फ्रान्समध्ये होतं आणि आचारी तासगावकडचा होता, म्हणजे पहिला घोटाळा तिथंच झाला. आचाऱ्याचं नाव हैबती.

हैबती रांधायला देवमाणूस. त्याच्या हातची आमटी प्यायली की भावकीतली भांडणं मिटायची. पण देवानं सगळी अक्कल हातात भरली आणि ती डोक्यापर्यंत पुरली नाही.

त्या फ्रेंच गावात कुमुदकाकूंची खानावळ होती. काका नोकरीसाठी तिकडे गेले, काकूंना घेऊन गेले. पुढे काका देवाघरी गेले, तरी काकू तिथंच राहिल्या. त्यांची मुलगी मृणाल तिथंच लहानाची मोठी झाली. खानावळीला आचारी हवा होता. काकूंच्या भावानं तासगावहून कळवलं, "माणूस पाठवतोय. सांगाल तेवढंच करतो." काकू खूश झाल्या. सांगितलेलं करणारा माणूस मिळतो कुठं हल्ली? भावानं 'तेवढंच' हा शब्द का घातला, ते काही त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हैबती आला. गाव बघून चकित झाला. इथली माणसं काखेत हातभर लांब पाव घेऊन चालायची आणि वाटेतच त्याचा शेंडा मोडून खायची. हैबतीनं शेंडा मोडलेले पाव बघितले आणि म्हणाला, "काकू, गावात उंदरं लई दिसत्यात."

काकूंनी त्याला पहिल्या दिवशी तीन फ्रेंच शब्द शिकवले. बॉन्झूर म्हणजे नमस्कार. मेर्सी म्हणजे आभार. फिनी म्हणजे संपलं. तेवढ्यावर माणूस फ्रान्समध्ये म्हातारा होऊ शकतो, असं काकूंचं म्हणणं.

आता काकूंची एक सवय सांगायला हवी. काकू कधी अशुभ बोलायच्या नाहीत. घरात काही संपलं तर 'संपलं' म्हणायच्या नाहीत, 'वाढलं' म्हणायच्या. बांगडी फुटली तर 'वाढली'. फ्रान्सात इतकी वर्षं काढली, पण जीभ तासगावचीच. चांगली सवय आहे. कुणी नाव ठेवावं अशी नाही. पण घरात हैबती असताना माणसानं जरा जपून शुभ बोलावं.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी डबा उघडून बघितला आणि माजघरातून ओरडल्या, "हैबती, मीठ वाढलंय रे!"

त्यांचं म्हणणं, मीठ संपलंय, दुकानातून आण.

हैबतीनं ऐकलं, मीठ वाढलंय. म्हणजे जास्त झालंय. आता आमटीत मीठ जास्त झालं तर काय करतात? पाणी घालतात, बटाटे घालतात. त्यानं आमटीत पाणी ओतलं. भाजीत पाणी ओतलं. भातात बटाटे घातले. खिरीतही घातले, कारण काकूंनी कशात वाढलंय ते सांगितलं नव्हतं, आणि आपण कशाला कसूर ठेवायची?

दुपारी लोक जेवायला आले आणि बटाट्याची खीर खाऊन गेले. काकूंनी कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या राजा, वाढलं म्हणजे संपलं! शुभ बोलावं म्हणून तसं म्हणतात. कळलं? वाढलं म्हणजे संपलं."

"व्हय काकू. आता इसरत न्हाई."

आणि तो विसरला नाही. तीच तर पंचाईत.

एके दिवशी मृणाल कामाला शहरात गेली होती. काकू भिंतीवरची तसबीर पुसत होत्या. मृणालची लहानपणची तसबीर, दोन शेंड्या, पुढचे दात पडलेले. पुसता पुसता काकूंचे डोळे भरून आले. आईच ती. पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "एवढीशी होती रे माझी मृणाल. बघता बघता वाढली!"

हैबतीच्या हातातली पळी खाली पडली. वाढली! म्हणजे संपली! सकाळी तर डबा घेऊन गेली होती पोर. काकूंना काय बोलायचं, या विचारानं तो गप्प बसला आणि कांदा चिरायच्या निमित्तानं पोटभर रडला.

तेवढ्यात दारात एतिएन आला. हा शेजारच्या पाववाल्या बाईंचा मुलगा. खानावळीचा पाव रोज तोच घेऊन यायचा. पाव देऊन झाला तरी घुटमळायचा, ही गोष्ट सगळ्या आळीला दिसत होती, फक्त दोन्ही आयांना दिसत नव्हती. एतिएननं आत डोकावून विचारलं, "मृणाल?"

हैबतीनं डोळे पुसले. फ्रेंचमधला नेमका शब्द त्याला येत होता. म्हणाला, "मृणाल, फिनी."

एतिएनच्या हातातले पाव रस्त्यावर पडले. तो पायरीवर बसला आणि मोठमोठ्यानं रडू लागला. "मी तिच्याशी लग्न करणार होतो! आम्ही ठरवलं होतं! आता मी कसा जगू?"

आळी गोळा झाली. पोस्टमननं टोपी काढली. कुणी फुलं आणली, कुणी मेणबत्त्या लावल्या. काकू तोवर मागच्या अंगणात जाऊन पापड वाळत घालत होत्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. संध्याकाळच्या बसनं मृणाल उतरली. दारात फुलांचा ढीग बघून तिनं पोस्टमनला विचारलं, "अरे बापरे, कोण गेलं?"

पोस्टमन म्हणाला, "तुम्ही."

असो. मुलगी जिवंत निघाली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण एतिएन जे बोलला ते त्याच्या आईनं ऐकलं होतं. या बाई म्हणजे मादाम रुसेल. नावच रुसेल. आणि काकू म्हणायच्या, 'नुसतं रुसेल कसलं, रुसलेलीच आहे.' खानावळीला लागून त्यांचं पावाचं दुकान, भिंतीला भिंत. तोंडावर हसू म्हणून नाही. एकदा 'नाही' म्हणाल्या की तो शब्द मागं फिरायचा नाही. आणि एतिएन आईच्या शब्दाबाहेर नव्हता. फ्रान्समध्येही अशी मुलं असतात.

मादाम रुसेल काकूंना म्हणाल्या, "मुलगी जिवंत आहे, हे चांगलं झालं. माझा मुलगा तिच्याशी लग्न करणार आहे, हे मला आज कळलं. ते चांगलं की वाईट, हे मी ठरवीन. येत्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येते. माणसं कशी आहेत ते जेवताना कळतं. जेवण झालं की हो म्हणीन, नाहीतर नाही म्हणीन."

त्या गेल्यावर मृणालनं आईचा हात घट्ट धरला. "आई, त्या नाही म्हणाल्या तर?"

"म्हणू देतेय का मी!" काकू म्हणाल्या. पण त्यांचाही जीव धास्तावला होता. पोरीचं सगळं सुख एका जेवणावर येऊन बसलं होतं, आणि जेवण हैबतीच्या हातात होतं.

काकूंनी त्याला समोर बसवलं. "हे बघ. मिठाचं वाढणं वेगळं, माणसाचं वाढणं वेगळं. ते सगळं सोड. तू एकच ध्यानात ठेव. वाढ म्हणजे ताटात घाल. पळीनं घाल. आग्रह कर. आपल्याकडची पंगत आठव. पुरे म्हणेपर्यंत घाल. रविवारी पाहुणे यायचेत, आतापासून हात बसू दे."

"व्हय काकू. पुरे म्हणस्तवर. आता इसरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन जेवायला आला. हा एकटा जीव, रोज खानावळीतच जेवायचा. हैबतीनं भात घातला. पोस्टमन जेवला. हैबती पुन्हा पळी घेऊन उभा. पोस्टमन हात हलवून म्हणाला, "मेर्सी."

मेर्सी म्हणजे आभार. हैबतीला भरून आलं. माणूस आभार मानतोय! त्यानं आणखी दोन पळ्या घातल्या.

"मेर्सी, मेर्सी!"

"घ्या की, लाजताय काय!" आणखी दोन पळ्या.

पोस्टमननं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "मेर्सी! मेर्सी! मेर्सी!"

इतकं कौतुक हैबतीचं आईनं सुद्धा केलं नव्हतं. त्यानं हातांवर आमटी वाढली. पुरे तर कुणी म्हणालंच नव्हतं. आणि फ्रेंच माणसाची एक खोड असते, ताटात आलेलं तो टाकत नाही. पोस्टमन खात राहिला. त्या दुपारी गावात टपाल वाटलं गेलं नाही. पोस्टमन चौकातल्या झाडाखाली झोपला होता आणि सायकल त्याच्या अंगावर झोपली होती.

काकूंनी कपाळावर हात मारला.

"अरे, ती इथली रीत आहे! पुढं केलेल्या वाढपाला मेर्सी म्हटलं म्हणजे नको म्हटलं. मेर्सी ऐकलं की हात मागे घ्यायचा!"

"आभार मानले म्हंजे नको?"

"हो."

"मग हवं असलं तर काय शिव्या देत्यात?"

"हैबती, डोकं खाऊ नकोस. मेर्सी म्हटलं की हात मागे. बास."

"व्हय काकू. आता इसरत न्हाई."

बाजाराचा दिवस होता. चौकात भाजीचे, मधाचे, चीजचे ठेले लागले होते. जोराचा वारा सुटला आणि मादाम रुसेल यांची टोपी उडाली. पिसं लावलेली, काळी, रविवारी आणि बाजाराच्या दिवशी घालायची टोपी. हैबती कोथिंबीर बघत होता. त्यानं टोपी बघितली, भाजी टाकली आणि धावला. दोन ठेले ओलांडून, एका कुत्र्याला चुकवून त्यानं टोपी पकडली. नीट झटकली, बाईंच्या पुढं अदबीनं धरली.

कधी नव्हे ते मादाम रुसेल जरा हसल्या. म्हणाल्या, "मेर्सी, मुस्यू." मुस्यू म्हणजे साहेब.

हैबतीनं हात मागे घेतला.

बाईंनी हात पुढं केला. "मेर्सी?"

हैबतीनं टोपी पाठीमागं लपवली.

"मेर्सी! मेर्सी, मुस्यू!" बाई त्याच्याभोवती फिरायला लागल्या. तोही फिरायला लागला. बाजार थांबून बघत होता. बाई जसजशा ओरडू लागल्या तसतशी हैबतीची खात्री पटत गेली, बाईंना ही टोपी बिलकूल नको आहे. एवढं नको तर नको. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची? त्यानं ती स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आला.

काकूंनी स्वयंपाकघरात येऊन बघितलं. हैबती पिसांची टोपी घालून वांगी भाजत होता.

"ही कुणाची?"

"रुसेलबाईंची. त्यांना नको व्हती. लई येळा नको म्हनाल्या."

काकू तशाच टोपी घेऊन शेजारी धावल्या. माफी मागितली, हात जोडले. मादाम रुसेल यांनी टोपी उलटी करून नाकाशी नेली. आत वांग्याच्या भरताचा वास बसला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी बघू."

ते 'बघू' ऐकून मृणाल रात्री जेवलीच नाही. काकू हैबतीला म्हणाल्या, "हे बघ बाबा, तुझ्या पाया पडते. ताटाशी मेर्सी म्हणजे नको. ताटाबाहेर मेर्सी म्हणजे आभार. आणि तू रविवारपर्यंत ताटाबाहेर काही करूच नकोस!"

हैबतीचा चेहरा उतरला. त्याला मृणाल पोटच्या पोरीसारखी. तिच्यासाठी त्यानं जीव टाकला असता, कसा टाकायचा ते नीट समजावून सांगायचा अवकाश.

रविवार उजाडला. हैबती पहाटेच उठून कामाला लागला. पुरण शिजलं, कटाची आमटी उकळली, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी. पोळ्या अशा फुगल्या की काकूंनी मनातल्या मनात त्याचे सगळे गुन्हे माफ केले. खानावळ आज बाकीच्यांना बंद होती. फक्त पोस्टमनला काकूंनी लवकर बोलावून आधीच वाढायचं ठरवलं होतं, कारण रविवारी त्या बिचाऱ्याला घालणार कोण?

काकूंनी खास शहरातून नारळ आणवला होता. शुभकार्य म्हटल्यावर नारळ हवाच. घड्याळ बघत, साडीच्या निऱ्या सावरत त्या म्हणाल्या, "हैबती, पाहुणे येतीलच. तेवढा नारळ वाढव बरं!"

वाढ म्हणजे ताटात घाल. आग्रह कर. हैबतीनं नारळ उचलला आणि पोस्टमनच्या ताटात ठेवला. वर तूप घातलं.

पोस्टमन आता शहाणा झाला होता. घाईघाईनं म्हणाला, "मेर्सी!" हैबतीनं लगेच हात मागे घेतला. पण नारळ काही मागे गेला नाही. पोस्टमननं नारळाकडे बघितलं. शेंडी, डोळे, तूप. मग सुस्कारा सोडून त्यानं सुरी आणि काटा उचलला. सुरी लावताच नारळ ताटातून सुटला, टेबलावरून उडाला आणि काकूंच्या पायाशी येऊन थांबला.

"अरे देवा!" काकूंनी नारळ हैबतीच्या हातात कोंबला. "नारळ वाढव म्हणजे दगडावर आपट! जोरात आपट! दोन शकलं झाली की सगळं मंगल होतं!"

"म्हंजे आदीचं वाढणं?"

बाहेर पायरीवर बुटांचा आवाज झाला. पाहुणे आले होते. काकूंच्या तोंडून घाईत निघून गेलं, "आधीचं सगळं विसर! वाढव म्हणजे आपट!"

"व्हय काकू," हैबती म्हणाला. त्यानं नारळ दाराच्या दगडावर आपटला. स्वच्छ दोन शकलं झाली, पाणी उडालं. काकूंच्या जिवात जीव आला.

मादाम रुसेल आत आल्या. काळा झगा, पिसांची टोपी, मागे एतिएन, नवा कोट घालून घामाघूम झालेला. बाईंनी एक खोकं आणलं होतं. त्यात त्यांच्या आजीच्या चिनी मातीच्या बशा होत्या, पांढऱ्या, काठाला निळी फुलं. "रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाऊ नये," त्या म्हणाल्या. काकूंना बाई पहिल्यांदा माणसात असल्यासारख्या वाटल्या.

मादाम रुसेल यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भारतीय लोक फार वाढतात, पोट रिकामं ठेवून जा, असं पोस्टमननं त्यांना सांगितलं होतं. त्यालाच अनुभव. बाई खुर्चीवर बसल्या आणि आतून तुपाचा, पुरणाचा, फोडणीचा वास आला. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. डोळे मिटले. आणि हो, त्या हसल्या! एतिएननं मृणालकडे बघितलं. मृणालनं काकूंकडे बघितलं. काकूंना आनंद आवरेना. त्या आत बघून गोड आवाजात म्हणाल्या, "हैबती, बाई खूश आहेत रे! चल, ताटं वाढ!"

वाढ म्हणजे काय? आधीचं सगळं विसरायचं. वाढ म्हणजे आपट.

हैबती ताटांची चवड घेऊन मागच्या दारानं पुढच्या पायरीवर गेला. पण काकूंची ताटं स्टीलची. जाडजूड, लग्नात आलेली. त्यानं एक आपटलं. ठण्ण!

आत मादाम रुसेल दचकल्या. मृणाल पटकन म्हणाली, "आमच्याकडे जेवणाआधी वाजवतात."

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

"बराच वेळ वाजवतात," मादाम म्हणाल्या.

ताटं काही वाढेनात. हैबती घामाघूम झाला. शकलं होत नाहीत म्हणजे मंगल होत नाही! पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि ही ताटं अशी हटून बसलीत! मग त्याला दाराशी ठेवलेलं बाईंचं ते खोकं दिसलं. आजीच्या बशा. त्यानं एक उचलली, दगडावर आपटली. ती बिचारी पहिल्या फटक्यात वाढली. हैबतीला हुरूप आला. त्यानं सगळ्या वाढवल्या. शेवटचीची शकलं घेऊन तो हसत आत आला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "काकू, समदी वाढली बगा! आता मंगलच मंगल!"

पोस्टमननं पुन्हा टोपी काढली.

मादाम रुसेल यांनी एक तुकडा हातात घेतला. त्यावर एक निळं फूल अख्खं राहिलं होतं. "या बशांत माझी आजी मला सूप द्यायची," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "एतिएन, चल. माझं उत्तर नाही."

"आई..." एतिएन म्हणाला.

"नाही."

त्या गेल्या. एतिएन मागं वळून वळून बघत गेला. शेजारच्या दुकानाचं दार धाडकन लागलं. मृणाल टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागली. हैबतीही रडू लागला. का ते त्याला कळलं नव्हतं, पण पोर रडतेय म्हटल्यावर त्याला राहवलं नाही.

काकू खुर्चीत बसल्या. पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. आता या गावात कुठल्या तोंडानं राहायचं? रोज शेजारच्या दुकानातून पावाचा वास येणार आणि पोर रोज रडणार. त्यापेक्षा दार लावावं, कुलूप घालावं, सरळ तासगाव गाठावं. पण एवढं झालं तरी 'बंद कर' असं काही त्यांच्या तोंडून येईना. सवय ती सवय. डोळे पुसत म्हणाल्या, "हैबती, बाबा, दुकान वाढव."

हैबतीनं डोळे पुसले. हे तर नीट कळलेलं काम होतं. वाढव म्हणजे दगडावर आपट. दोन शकलं कर. मग सगळं मंगल होतं.

आता दुकान काही उचलून दगडावर आपटता येत नाही. हैबती विचारात पडला. मग त्याच्या लक्षात आलं, दुकान उचलवत नसेल तर दगड उचलावा. आयुष्यात स्वतःचं डोकं चालवून त्यानं केलेलं हे पहिलंच काम. त्यानं पाट्यावरचा वरवंटा घेतला. काळा, फत्तराचा, तासगावचा. बाहीनं नाक पुसलं, 'जय मल्हार' म्हटलं आणि समोरच्या भिंतीत घातला.

ती भिंत म्हणजे काय, पूर्वी कधीतरी एका मोठ्या दुकानाची दोन करताना कुणीतरी घातलेला विटांचा पडदा. एका दणक्यात प्लास्टर पडलं. दुसऱ्यात विटा हलल्या. काकू किंचाळेपर्यंत तिसरा बसला आणि भिंत मधोमध खाली आली. धुरळा उडाला. पलीकडून पावांची फळी कोसळली आणि हातभर लांब पाव गडगडत खानावळीत आले.

धुरळा बसला. पलीकडे मादाम रुसेल उभ्या होत्या, टोपीपासून बुटापर्यंत पांढऱ्या, पिठानं की चुन्यानं ते सांगता येत नव्हतं. शेजारी एतिएन. अलीकडे मृणाल, गालावर ओघळ. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि मग कसली आई नि कसलं काय, एतिएन विटा ओलांडून आला आणि त्यानं मृणालचा हात धरला.

हैबतीनं भगदाडातून वाकून म्हटलं, "बॉन्झूर." कुठंही शिरताना आधी बॉन्झूर म्हणायचं असतं.

मादाम रुसेल यांनी भिंतीकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. मग त्यांच्या पोटात एवढ्या मोठ्यानं कावळे ओरडले की पोस्टमनलाही ऐकू गेले. सकाळपासून उपाशी बाई. भगदाडातून पुरणपोळीचा वास थेट नाकात चाललेला. त्या विटांवरून अलीकडे आल्या, खुर्ची झटकली, बसल्या. डब्यातली एक पोळी उचलली. तुपात बुडवली. खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चुन्यातून खाली दोन रेघा उमटल्या.

"पोस्टमन," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "गावातला गवंडी भिंत कधी बांधून देईल?"

पोस्टमननं विचार केला. "आज सांगितलं तर पुढच्या वर्षी. आला तर."

"आणि लग्नाची तारीख पालिकेत कधी मिळेल?"

"ती काय, पुढच्या महिन्यात."

मादाम रुसेल यांनी चौथी पोळी घेतली. "मग वर्षभर दोन परकी कुटुंबं भिंतीशिवाय राहणार? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा लग्नच लावा."

काकूंचा कानांवर विश्वास बसेना, म्हणून मृणालनं ते त्यांना पुन्हा मराठीतून सांगितलं, हसत आणि रडत. ऐकून काकू उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. विहीणबाईंच्या गळ्यात पडल्या, दोघी चुन्यानं माखल्या. इकडे खानावळ, तिकडे पावाचं दुकान, मधे काही नाही. केवढं प्रशस्त दिसत होतं सगळं! काकूंचा आनंद गगनात मावेना. दोन्ही हात वर करून त्या देवाला म्हणाल्या, "वाढू दे रे बाबा, असंच वाढू दे!"

"व्हय काकू," हैबती म्हणाला. त्यानं वरवंटा उचलला आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे वळला.

त्या भिंतीपलीकडे पोलीसचौकी होती.